दंडातली बेडकुळी : प्रस्तावना

लहान मुलाला "ताकद दाखव" म्हटलं की ते बाही वर सरकवतं, मूठ आवळतं, कोपर दुमडतं आणि दंडावर उठलेला फुगवटा आपल्यापुढे धरतं. आमच्या घरी त्याला बेडकी म्हणत, शेजारी बेटकुळी म्हणत, कुणी बेडकुळी म्हणतं. कातडीखाली काहीतरी दबा धरून बसलंय आणि मूठ आवळली की ते टुणकन वर येतं, असं ज्या मराठी माणसाला पहिल्यांदा वाटलं, त्याची नजर तयार असली पाहिजे. रोमन लोकांनी त्याच फुगवट्यात उंदीर पाहिला. लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर, आणि त्यावरून 'मसल' आला. उंदीर की बेडूक असा वाद निघालाच, तर शरीरक्रियाशास्त्राची मास्तरीण म्हणून मी बेडकाच्या बाजूने उभी राहीन. का, ते पुढे कळेल.

हे पुस्तक त्या बेडकुळीचं आहे; म्हणजे अंगात जे जे आखडतं, ओढतं आणि ढिलं पडतं त्याचं. पैलवानांसाठी पुस्तकं आहेत, जिमला जाणाऱ्यांसाठी रोज नवा व्हिडिओ येतो. स्नायू त्या दोघांनी सांभाळावेत, बाकीच्यांनी साखर आणि ब्लडप्रेशर सांभाळावं, अशी आपल्याकडे जणू वाटणी झालेली आहे. ती मला मान्य नाही. कणीक मळणारा हात, एसटीची पहिली उंच पायरी चढणारी मांडी, उचकी, जांभई, बाळंतपणाची कळ, भीतीने अंगावर उभा राहणारा काटा, सगळं स्नायूंचंच काम. माणूस घाबरला की म्हणतो, हातपाय गळाले. गळतात ते स्नायूच.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. मराठीत रुळलाय म्हणून मी 'स्नायू' हाच शब्द ठेवला आहे. पण संस्कृत वैद्यकाची पोथी उघडणाऱ्याची त्याने फसगत होईल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आपला आजचा स्नायू. आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. आज आपण पेशी म्हणतो ती सूक्ष्मदर्शकाखालच्या सजीव कणाला. दोन्ही शब्दांनी बिऱ्हाडं बदलली, जुना पत्ता तेवढा पोथीत राहिला. आजच्या मोजणीने हाडांना जोडलेले स्नायू सहाशेच्या वर भरतात. प्रेताचे भाग पाण्यात कुजवून, सोलून मोजणाऱ्या त्या काळच्या वैद्याचा आकडा यापासून फार लांब नाही.

घरगुती मराठीत बेडकुळी आणि पोटरी सोडली तर स्नायूंना नावं नाहीत. दुखण्यांना मात्र ढीगभर. पाठीत उसण भरते, मान आखडते, कमरेत चमक निघते, पाय लचकतो, पोटरीत गोळा येतो, काही भागांत त्याला वांब म्हणतात. ओझं वाहून दंड भरून येतात, तापात अंग मोडून येतं, दिवसभर राबल्यावर अंग आंबून जातं. ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत आणि सांगणाऱ्याला तो फरक पक्का ठाऊक असतो. "दुखतं का?" असं विचारल्यावर "दुखत नाही हो, भरून आलंय," असं म्हणणाऱ्या बाईच्या केसपेपरवर शेवटी 'पेन' एवढंच लिहिलं जाताना मी अनेकदा पाहिलंय. निदानाचा अर्धा धागा तिने हातात दिलेला असतो, तो तिथेच सुटतो.

आता बेडकाकडे येते. मी शिकत होते तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला बेडकावाचून गत नव्हती. प्रयोगशाळेतले मामा ओल्या गोणपाटात बेडूक घेऊन यायचे. आम्ही धातूच्या ढोलावर चकचकीत कागद गुंडाळायचो आणि तो धुरकट ज्योतीवर फिरवून त्यावर सारखी काजळी धरायचो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. काजळी जाड झाली की खरवडते, पातळ राहिली की दिसत नाही. मग बेडकाच्या मागच्या पायातली पोटरी, तिला येणाऱ्या मज्जातंतूसकट, अलगद सोडवायची. तिचं एक टोक टाचणीने पक्कं करायचं, दुसरं दोऱ्याने एका हलक्या तरफेला बांधायचं. मज्जातंतूला विजेचा बारीक झटका दिला की पोटरी आखडे, तरफेचं टोक उडे आणि फिरत्या काजळीवर एक पांढरी टेकडी उमटे. टेकडीची रुंदी सेकंदाचा दहावा भाग. त्यातला पहिला शंभरावा भाग काहीच घडत नाही, पुढचे चार आखडण्याचे, उरलेले पाच ढिलं पडण्याचे. कागद व्हार्निशमध्ये बुडवून वाळत घातला की प्रयोग संपला. ॲप्रनवरची काजळी मात्र परीक्षेपर्यंत निघत नसे. आता हे सगळं संगणकाच्या पडद्यावर दाखवतात. बेडकांच्या दृष्टीने बरंच झालं.

त्या काजळीवरची एक गोष्ट माझ्या डोक्यात बराच काळ रुतून बसली होती. ढिलं पडायला आखडण्याहून जास्त वेळ का लागावा? सुटणं तर आपोआप व्हायला हवं.

आपोआप होत नाही. ते समजायला दोन्ही हातांचे पंजे समोरासमोर धरा आणि एका हाताची बोटं दुसऱ्याच्या बोटांमधल्या फटींत सरकवा. बोटं तेवढीच राहतात, मनगटांमधलं अंतर कमी होतं. स्नायू आखडतो तो असाच. त्याच्या तंतूंत जाड आणि बारीक धाग्यांच्या रांगा असतात, जाड मायोसिनच्या, बारीक ॲक्टिनच्या. जाड धाग्याला असंख्य इवल्या मुंड्या फुटलेल्या असतात. त्या बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे पुन्हा पकडतात. रहाटाचा दोर हातावर हात टाकत ओढावा तसं. हे १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर'च्या एकाच अंकात दोन वेगळ्या जोड्यांनी मांडलं. एका जोडीत अँड्र्यू हक्सली, दुसरीत ह्यू हक्सली. आडनाव एक, नातं काही नाही. अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्के यांनी ज्या जिवंत तंतूकडे पाहिलं, तो अर्थातच बेडकाचा होता. ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांनी सशाच्या स्नायूवर काम केलं, पण सशाबद्दल मला आकस नाही.

मुंडीने पकड सोडावी म्हणून तिला एटीपी नावाच्या रेणूचा एक घास लागतो. म्हणजे खर्च ओढण्याला होतो तसा सोडण्यालाही होतो, आणि एटीपी संपलं तर पकड सुटतच नाही. हे आपल्या गावोगावच्या म्हाताऱ्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक आहे. माणूस गेला की रडारड सुरू असतानाच घरातलं कुणीतरी जाणतं पुढे होतं, पाय सरळ करतं, हनुवटी फडक्याने बांधतं, डोळे मिटतं. उशीर झाला तर देह ताठतो. मरणानंतर दोन-चार तासांत हा ताठरपणा दिसू लागतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, आणि पुढे मांसच विरघळू लागल्यावर तो उतरतो. जिवंतपणी आपण सैल असतो ते सतत खर्च करत राहतो म्हणून.

आखडण्याची आज्ञा तंतूच्या आत पोचवतो तो कॅल्शियम. तो कसा सापडला ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायची. लंडनच्या सिडनी रिंगरने १८८२ मध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवलं आणि तसं लिहून मोकळा झाला. मग लक्षात आलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं, साध्या नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाणी घेऊन पाहिलं तर हृदय मंदावून थांबलं. लंडनच्या जड पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, तोवर गुपचूप काम करत होता. १८८३ मध्ये रिंगरने आपली चूक छापून दुरुस्त केली. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲलेक्सिस हार्टमनने त्यात लॅक्टेट मिसळलं. तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर "एक आरएल लावा" म्हणतात, त्यातला 'आर' हा रिंगर. खाटेशेजारी टांगलेल्या त्या बाटलीत बेडकाच्या हृदयाचा वाटा आहे.

स्नायूच्या बाबतीत दुसरी ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे त्याला ढकलता येत नाही, ओढणं तेवढं येतं. दार ढकलतानाही दंडाच्या मागचा स्नायू कोपर ओढून सरळ करत असतो. म्हणून स्नायू जोडीने राहतात. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने मोजून सैल सोडायचं असतं. अर्धांगाच्या रुग्णात हा हिशेब बिघडतो. कोपर दुमडलेलं राहतं ते दुमडणाऱ्यात बळ जास्त आलं म्हणून नव्हे, त्याला आवर घालणारा मेंदूचा निरोप येईनासा झाला म्हणून.

निरोपाची ही वाट आणखी एका जागी तुटते, आणि आपल्याकडे ती पावसाळ्यात तुटते. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर निजलेल्याला अंथरुणात चावते. दंश मुंगी चावल्याइतका, कधी तेवढाही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो, थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होतात, घशाखाली पाणी उतरत नाही, मान तोलत नाही, आणि मग छाती हलेनाशी होते. त्या विषाचं लक्ष्य स्नायू नसतोच. मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यात एक बारीक फट असते, ती फट ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन ओलांडतं; मण्यारीचं विष त्या टोकातला हा साठाच रिकामा करून टाकतं. स्नायू शाबूत, तंतू शाबूत, फक्त निरोप्या मेला. अशा माणसाला हाक मारली तर ऐकू येते, त्याला ओ देता येत नाही. हृदय मात्र चालू असतं, कारण ते मज्जातंतूच्या हुकमावर चालत नाही, स्वतःचा ताल स्वतः धरतं. म्हणून प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासाची सोय वेळेत मिळाली आणि काही दिवस, कधी काही आठवडे तग धरवला, तर ती टोकं पुन्हा उभी राहतात आणि माणूस चालत घरी जातो. मांत्रिकाकडे गेलेला एकेक तास या हिशेबातून वजा होतो. आणि हो, ॲसिटिलकोलीनचं काम ज्या प्रयोगातून उजेडात आलं, १९२१ मधल्या ओटो लोवीच्या त्या प्रयोगातही बेडकांचीच दोन हृदयं होती.

हीच फट मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात शरीर स्वतःच बिघडवतं. सकाळी ठीक असलेली बाई संध्याकाळी पापण्या उचलू शकत नाही, चावता चावता जबडा थकतो. लंडनमधल्या ग्रिनिचच्या रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरणीच्या ध्यानात आलं की ही अवस्था बाणाला लावायच्या कुरारे विषासारखी दिसते. मग कुरारेवरचा उतारा हिला का देऊ नये? १९३४ मध्ये तिने तो दिला आणि मिटलेल्या पापण्या उघडल्या. आपल्याकडे अशा बायकांना "मनाला लावून घेता तुम्ही" असं सांगणारे अजून भेटतात. संध्याकाळी वाढणारा आणि विश्रांतीने ओसरणारा अशक्तपणा मनाचा समजू नये, एवढं या पुस्तकातून एका जरी घरात पोचलं तरी मला चालेल.

पण स्नायूंचं सगळंच दुखणं आजार नसतं. रायगड पायऱ्यांनी चढून-उतरून आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी विचारा. चढताना धाप लागते, उतरताना गप्पा सुचतात, आणि दोन दिवसांनी संडासात बसता येत नाही. दुखते मांडीची पुढची बाजू, उतरणीला वापरलेली. चढताना हा स्नायू आखूड होत वजन उचलतो. उतरताना तो वजन पेलत पेलत लांबत जातो, गाडीच्या ब्रेकसारखा, आणि या लांबत जाण्यात त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुरुस्तीचं काम सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागतो. "लॅक्टिक ॲसिड साठलं" हे वाक्य मात्र आता सोडून द्यावं; ते गडाच्या पायथ्याशी चहा पिऊन होईपर्यंत जवळजवळ निवळलेलं असतं. महिन्याभरात पुन्हा तोच गड उतरलात तर निम्माही त्रास होत नाही. तंतूच्या कडेला झोपलेल्या काही पेशी या इजेने जाग्या होतात आणि डागडुजी करून तंतू आधीपेक्षा भक्कम करतात. त्या १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरोला दिसल्या. कुणाच्या स्नायूत ते आता सांगत नाही.

तालमीतले जोर-बैठका आणि वारीची वाटचाल यांचं एक प्रकरण पुढे आहे, त्यात लाल आणि पांढऱ्या तंतूंची भानगड सविस्तर आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी कोंबडीवाल्याकडे उभं राहून पाहावं. दिवसभर उभं राहणाऱ्या तंगडीचं मांस गडद, क्वचित फडफडणाऱ्या छातीचं पांढरं. लांब उडणाऱ्या कबुतराची छाती मात्र गडद असते. पाठीचा कणा सांभाळणारे आपले स्नायू तंगडीच्या जातीचे, चिवट. दगड फेकताना लागणारे दुसऱ्या जातीचे, झटक्यात पेटून झटक्यात थकणारे, आणि म्हातारपणी आधी झिजतात ते हेच. म्हणून म्हातारा माणूस मैलभर चालतो आणि ठेच लागली की स्वतःला सावरू शकत नाही.

साखरेचा विषय टाळता येत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या हुकमाने जिथे जाऊन पडते, त्यातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर साखर बाहेर तुंबते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून मेदाळ. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळंही मोजली होती. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांत कमी पडलं होतं ते मुख्यतः मांस. चरबी तेवढी कमी नव्हती. "माझं वजन तर बरोबर आहे" असं म्हणून मधुमेहाकडे पाठ फिरवणाऱ्या माझ्या ओळखीच्यांना मी हा फोटो दाखवत आले आहे. वजनकाट्याला मांस आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त छळलं ते मुलग्यांच्या आजाराचं. तीन-चार वर्षांचा पोरगा, पोटऱ्या टपोऱ्या, पाहुणे म्हणतात, पैलवान होणार. तो धावताना मागे पडतो, जिन्याला कठडा धरतो. आणि जमिनीवरून उठताना आधी पालथा होतो, हात टेकून कुल्ले वर करतो, मग एकेक हात गुडघ्यावर, मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. लंडनच्या विल्यम गावर्सने १८७९ मध्ये हे उठणं टिपलं, त्याला अजून त्याचंच नाव आहे. आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांत बनत नाही, ते १९८७ मध्ये सापडलं. पोटऱ्या टपोऱ्या दिसतात कारण मरणाऱ्या तंतूंच्या जागी चरबी आणि चिवट ऊतक भरत जातं. आजार बहुधा आईकडून मुलग्याकडे येतो, आणि यात आईचा दोष काडीचा नसतो, हे सासरच्यांना समोर बसवून सांगावं लागतं. पूर्ण बरा करणारं औषध हाती नाही, पण स्टिरॉइड, फिजिओथेरपी आणि हृदय-फुप्फुसांची देखरेख यांनी चालण्याची आणि जगण्याची वर्षं वाढतात. त्यासाठी वेळेवर कळलं पाहिजे. रक्तातला सीपीके, म्हणजे फुटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारं प्रथिन, तपासणं महाग नाही. टॉनिकच्या बाटल्यांत दोन वर्षं घालवणं फार महाग पडतं.

स्नायूंवर परिणाम करणाऱ्या बाकीच्या गोष्टींची जंत्री प्रकरण नऊमध्ये आहे: थायरॉइड मंदावणं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, दारू, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी अंग दुखतं असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. जिममध्ये पहिल्याच दिवशी हौसेने अतोनात जोर काढून दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तडक रुग्णालय गाठा. फुटलेल्या स्नायूंचा माल मूत्रपिंडात अडकतोय. पावडरींबद्दल माझं मत विचाराल तर वरण, उसळ, अंडं, दूध आणि दही पोटभर खाणाऱ्याला डब्याची गरज क्वचितच पडते. तालीम सोडल्यावर पैलवानाचं मांस चरबीत बदलतं, हा समज खोटा. मांस आटतं, खुराक तसाच राहतो, चरबी निराळी येऊन बसते.

आता हे पुस्तक का लिहिलं ते. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची असताना न्यूमोनियाने अकरा दिवस रुग्णालयात होती. बरी होऊन घरी आली, खाऊ लागली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. वर्षभराने देवघराला रंग द्यायला काढला तेव्हा दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर हातभर उंचीवर एक तेलकट, पिवळसर डाग दिसला. हळद आणि तेलाचा तळहात, एकाच जागी शेकडो वेळा टेकलेला. तिने पूजेचा पाट देवासमोरून हळूहळू भिंतीकडे सरकवत नेला होता, कारण मांडी घालून बसल्यावर तिला आधाराशिवाय उठता येत नव्हतं. ती कुणाला बोलली नाही. आणि तीस वर्षं स्नायू शिकवणारी तिची मुलगी रोज त्या भिंतीवरून ये-जा करत होती.

खाटेवर पडून स्नायू किती झपाट्याने जातात, हे मी वर्गात सांगत आले होते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्क मंडळींना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस आटलं. आजार नव्हता, नुसतं पडून राहणं होतं. वयाने होणाऱ्या या झिजेला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव दिलं. नाव नव्हतं तोवर तिला 'वय झालं' म्हणत असत, आपल्याकडे अजून म्हणतात. पण १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या स्नायूतही त्या झोपलेल्या पेशी हाकेला उठतात, फक्त हाक पुरेशी जड लागते. नुसत्या फेरफटक्याने ते होत नाही. चालणं हृदयाला उत्तम. मांडीला ते पुरत नाही.

आईला आम्ही खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं, आधी तीन वेळा, मग दहा वेळा. मग खुर्चीऐवजी स्टूल, मग दोन पाट एकावर एक. जेवणात डाळ वाढवली. ती करवादायची, "शाळेत घातलंस मला." पाच महिन्यांनी पूजेचा पाट देवासमोर मधोमध आला. एक हात ती अजून टेकते.

तेव्हा वाचकाला विनंती एवढीच की पहिलं प्रकरण उघडण्याआधी जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात, गुडघा, भिंत यांपैकी कशाचाही आधार न घेता उठून बघा. ब्राझीलमधल्या क्लॉडिओ जिल अराउजो यांनी याच उठाबशीला दहापैकी गुण देऊन ५१ ते ८० वयाच्या दोन हजार जणांना तपासलं. ज्यांना गुण कमी मिळाले त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यू जास्त आढळले. हे भविष्य नव्हे, त्यामुळे पडला तर घाबरू नका. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, चक्कर येत असेल, तर हा खेळ करूच नका. बाकीच्यांनीही पहिल्यांदा शेजारी कुणाला तरी उभं करा. आधाराशिवाय उठलात तर पुस्तक पहिल्या पानापासून वाचा. हात टेकावा लागला, तर बाकीचं नंतर. आधी सातवं प्रकरण काढा, त्यात खुर्चीपासून सुरुवात आहे. आणि घरात कुणी वयस्क असेल, तर देवघराच्या चौकटीशेजारची भिंत एकदा नीट पाहून घ्या.